डोळे मिटले की काळोखच दिसतो, तर चित्र आणायचं कुठून?

पत्र

"मी सांगलीची, वय ३८. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या. वस्तुचित्रात कायम चांगले गुण, स्मरणचित्रात मात्र कशीबशी तरले. आता बरीच वर्षं जलरंगात काम करते. रविवारी आमचा गट कृष्णेच्या घाटावर नाहीतर आयर्विन पुलाखाली निसर्गचित्रणाला बसतो. समोर बघून मला जमतं, काही चित्रं विकलीही गेली आहेत. पण गटात सगळे म्हणतात, 'चित्र आधी डोळ्यांसमोर उभं राहतं, मग नुसतं कागदावर उतरवायचं.' मला वाटायचं, ही बोलायची रीत असेल. परवा खोदून विचारलं, तर त्यांना खरंच दिसतं म्हणे! मी डोळे मिटले की नुसता काळोख. आईचा चेहरासुद्धा दिसत नाही. आता एका प्रकाशकांनी मुलांच्या पुस्तकाचं काम दिलंय. हत्तीचं पिल्लू होडीत बसून पूर ओलांडतं अशी गोष्ट आहे. १२ चित्रं, दोन महिन्यांची मुदत. कोऱ्या कागदासमोर बसते आणि काहीच येत नाही. फोटो बघून काढलं की गटातले म्हणतात, ही तर नक्कल. माझ्यात कल्पनाशक्तीच नाही का? हे सरावाने येतं का? की काम परत करून टाकू?"

उत्तर

ताई, काम परत करू नका. तुमची कल्पनाशक्ती शाबूत आहे. तुमच्याकडे एक ठरावीक गोष्ट नाही: समोर नसलेली वस्तू मिटल्या डोळ्यांनी बघणं. ती पुष्कळांकडे नसते, चित्रांवरच पोट असलेल्यांकडेही नसते. गोंधळ झालाय तो कामाच्या क्रमात. ज्यांना आतून दिसतं त्यांचा क्रम तुम्ही उचललात. कोऱ्या कागदासमोर बसायचं आणि चित्र दिसायची वाट बघायची, हा तो क्रम. तुमच्या बाबतीत ही वाट कितीही बघितली तरी कोणी येणार नाही. म्हणून या उत्तराचा मोठा भाग क्रम कसा बदलायचा यावर आहे. त्याआधी, हे आहे तरी काय ते थोडक्यात.

१८८० मध्ये फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज अभ्यासकाने लोकांना एक साधा प्रश्न विचारला: आज सकाळी न्याहारीला बसलात ते टेबल आठवा, काय दिसतं? काहींनी बशीच्या रंगापर्यंत सगळं सांगितलं. काहींनी, आणि त्यात नावाजलेले वैज्ञानिकही होते, सांगितलं की दिसत तर काहीच नाही, 'मनःचक्षू' वगैरे अलंकारिक बोलणं असावं असंच आम्ही समजत होतो. नेमकं तुम्ही समजत होता तसंच. पुढे १९७३ मध्ये डेव्हिड मार्क्स या मानसशास्त्रज्ञाने हे मोजण्यासाठी १६ प्रश्नांची एक प्रश्नावली केली आणि २०१५ मध्ये अॅडम झेमन या ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञाने या न दिसण्याला 'अफॅन्टेशिया' हे नाव दिलं. अजिबात काहीच न दिसणारी माणसं शंभरात साधारण एक. अगदी पुसट दिसणारी धरली तर आकडा थोडा वाढतो. दुसऱ्या टोकाला प्रत्यक्ष बघितल्यासारखं लख्ख दिसणारेही असतात. बाकी सगळे मधे कुठेतरी.

हे नुसतं सांगण्यावर विसंबून नाही. उजळ आकार मनात आणला की बहुतेकांच्या डोळ्याची बाहुली जराशी आकसते, जणू समोर खरंच उजेड आहे. सिडनीच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं की अफॅन्टेशिया असलेल्यांची बाहुली खऱ्या उजेडाला इतरांसारखीच आकसते, मनात आणलेल्या उजेडाला मात्र हलत नाही. तेव्हा तुम्ही प्रयत्नांत कमी पडताय, असं कोणी म्हटलं तर ते चूक आहे.

घरी पडताळायचं असेल तर चार गोष्टी आठवून बघा: जवळच्या माणसाचा चेहरा, उगवता सूर्य, रोजच्या किराणा दुकानाची दर्शनी बाजू आणि एखादं डोंगर-तळं. प्रत्येकीला १ ते ५ असे गुण द्या. 'तो चेहरा आहे हे मला माहीत आहे, पण दिसत काही नाही' याला १, 'अगदी प्रत्यक्षासारखं' याला ५. इथे चूक होते ती ठरलेली आहे. माणसं माहिती असण्याचे गुण दिसण्याला देऊन टाकतात. आईच्या कपाळावरचं कुंकू केवढं हे तुम्हाला सांगता येतं, म्हणून ते दिसतंच असं नाही. आणखी एक, अशा बऱ्याच जणांना झोपेत स्वप्नं मात्र चित्रांसकट पडतात. त्यामुळे स्वप्न दिसतं म्हणून हे नाहीच, असा निष्कर्ष काढू नका. जन्मापासूनच असं असेल तर हा आजार नाही, औषधाची गरज नाही. पण पूर्वी दिसत होतं आणि डोक्याला मार लागल्यावर, एखाद्या आजारानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर बंद झालं असेल, तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवायलाच हवं. तुमच्या पत्रावरून तुमचं तसं वाटत नाही.

सरावाने येतं का? दिसणं येईल याची खात्री देणारा पुरावा नाही. तशा हमीच्या व्हिडिओंवर आणि कोर्सवर पैसे घालवू नका. मात्र स्मरणातून चित्र काढणं सरावाने नक्की सुधारतं. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शाळेच्या स्मरणचित्राच्या पेपरात त्या एकच समजल्या गेल्या.

त्या वेगळ्या कशा, ते एका प्रयोगात छान उघड झालं. अमेरिकेत विल्मा बेनब्रिज आणि सहकाऱ्यांनी अफॅन्टेशिया असलेल्यांना आणि नसलेल्यांना खोल्यांचे फोटो दाखवले, मग आठवणीतून काढायला लावले. २०२१ मध्ये निकाल छापून आला. न दिसणाऱ्यांच्या चित्रांत वस्तू कमी होत्या, रंग कमी होता, काही ठिकाणी चित्राऐवजी 'खिडकी' असा शब्दच लिहिलेला होता. पण जी वस्तू काढली ती जागच्या जागी आणि योग्य आकाराची होती. आणि मूळ फोटोत नसलेल्या वस्तू घुसडण्याची चूक त्यांनी इतरांपेक्षा कमी केली. म्हणजे तुमच्याकडे जागेची जाण आहे, प्रमाण आहे, खरेपणा आहे. वस्तूंचा तपशील तेवढा बाहेरून आणावा लागतो. चित्रकाराच्या दृष्टीने ही वाटणी काही वाईट नाही, तपशील आणणं हे त्यातल्या त्यात सोपं काम.

पिक्सार या अॅनिमेशनपट करणाऱ्या कंपनीचे एक संस्थापक एड कॅटमुल यांनी २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितलं की आपल्याला मनात काहीच दिसत नाही. त्यांनी जुन्या ५४० सहकाऱ्यांना प्रश्नावली भरायला दिली, तर चित्रकारांपेक्षा निर्मितीची व्यवस्था बघणाऱ्यांनाच जास्त स्पष्ट दिसतं असं आढळलं. 'द लिटिल मर्मेड' या अॅनिमेशनपटातली जलपरी एरियल ज्यांनी घडवली ते ग्लेन कीन यांनाही मनात चित्र दिसत नाही. ते कागदावर रेघोट्यांचं जंजाळ करतात आणि त्यातून आकृती शोधत जातात. तुमच्या गटाला हे जरूर सांगा.

आणि ज्यांना दिसतं त्यांचंही सगळं सुरळीत असतं असं समजू नका. आतलं चित्र पूर्ण वाटतं, पण त्यात पुष्कळ जागा रिकाम्या असतात. रोज सायकल बघणाऱ्या माणसाला सायकल काढायला सांगा, कित्येकांची साखळी पुढच्या चाकालाही जाते. लिव्हरपूलच्या रिबेका लॉसन यांनी यावर रीतसर अभ्यास केलाय. शिवाय आतलं चित्र फार आवडलेलं असलं की कागदावरचं कायम त्याच्यापुढे फिकं ठरतं, आणि अशी माणसं अर्धवट चित्रं फाडत बसतात. तो त्रास तुमच्या वाट्याला नाही.

काम करण्याच्या तऱ्हा तर इतक्या वेगळ्या असतात की एकाची दुसऱ्याला लावूच नये. पॉल सेझान या फ्रेंच चित्रकाराने १८९९ मध्ये आपला चित्रविक्रेता व्होलार याचं व्यक्तिचित्र केलं. व्होलारच्याच सांगण्यानुसार त्यासाठी ११५ बैठका झाल्या आणि चित्र तरीही पूर्ण झालं नाही. हातावर दोन बारीकशा जागा कोऱ्या राहिल्या होत्या. तिथे अंदाजाने रंग लावला तर तिथपासून सगळं चित्र पुन्हा करावं लागेल, असं सेझानचं म्हणणं होतं. शेवट काय असेल ते त्याला आधी दिसत नव्हतं, प्रत्येक फटकाऱ्यानंतर पुढचा ठरत होता. याउलट पिकासो आधी ठरवून चित्र करणारा म्हणून ओळखला जातो, पण १९०७ च्या 'ले दम्वाझेल दाव्हिन्यों'साठी त्याचीही शेकडो कच्ची रेखाटनं आहेत. ठरवणं डोक्यात उरकलं नव्हतं, कागदावर झालं होतं. आपल्याकडे अमूर्त चित्रं करणारे वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकेच कॅनव्हास करत, बराच काळ नुसतं बघत बसत आणि रोलर, पॅलेट नाइफ यांनी थर चढवत, खरवडत. त्यांच्याच पिढीचे हुसेन लोकांसमोर उभे राहून झपाट्याने रंगवत. दोघेही मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या आसपास घडलेले. यातला खरा कलावंत कोण, असा प्रश्न कोणी विचारत नाही. तुमच्या गटातही विचारला जाऊ नये.

आता हत्ती.

आधी शब्द. कागद बाजूला ठेवा, वही घ्या. प्रत्येक चित्रासाठी चारच गोष्टी लिहा: कोण कुठे आहे, आपण कुठून बघतोय (पुलावरून, काठावरून की पाण्याच्या पातळीवरून), उजेड कुठल्या बाजूने येतोय, आणि सगळ्यांत गडद काय. भावना लिहू नका, अंग लिहा. 'पिल्लू घाबरलंय' हे काढता येत नाही. 'सोंड होडीच्या काठाला गुंडाळलेली, मागचे पाय एकमेकांना चिकटलेले, शेपूट ताठ' हे काढता येतं. बारा चित्रांचं हे लेखन दोन दिवसांत होतं.

पुराचं तर तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार! आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं. ते डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करू नका. स्वतःला प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहा. विजेच्या खांबाचा किती भाग वर होता? दुकानाच्या पाट्या पाण्याच्या किती वर होत्या? पाण्यावरून काय काय वाहत होतं? बोट गल्लीत वळताना माणसं कशाला धरत होती? पाणी कुठल्या रंगाचं होतं? एवढी उत्तरं आली की चित्राचा अर्धा मजकूर जमला. मुलांच्या पुस्तकात पुराचं पाणी निळं रंगवतात, ते बघून वाईट वाटतं. कृष्णेकाठच्या पोराला ते खोटं आहे हे लगेच कळतं.

मग मांडणी, पण हातात धरता येईल अशी. पुस्तकाचं पान किती सेंटीमीटरचं ते प्रकाशकांकडून लेखी घ्या. समजा पान २१ × २८ आहे, तर समोरासमोरची दोन पानं मिळून ४२ × २८ होतात. त्याच प्रमाणात ९ × ६ सेंटीमीटरच्या चौकटी साध्या झेरॉक्सच्या कागदावर आखा, एका ए-फोरवर सहा. आता काळ्या आणि राखी कागदातून पिल्लाचा, होडीचा, पुलाचा, झाडाचा ढोबळ आकार कापा. पिल्लाचे तीन आकार हवेत: लहान, मध्यम, चौकटीबाहेर जाईल इतका मोठा. हे तुकडे चौकटीत सरकवत राहा आणि प्रत्येक मांडणीचा फोनवर फोटो काढा. ज्यांना दिसतं ते हे सरकवणं मनात करतात, तुम्ही ते टेबलावर करता. फरक एवढाच, आणि तुमचे सगळे पर्याय शाबूत राहतात, त्यांचे अर्धे विसरले जातात. पंधरा मिनिटांत आठ-दहा मांडण्या होतात. पहिल्या दोन-तीन बहुधा सगळ्यांना सुचतात तशाच असतात, पिल्लू बरोबर मधोमध. त्या बाजूला काढा.

निवडलेल्या तीन मांडण्या ६बी पेन्सिलीने चौकटीत उतरवा. टोन, म्हणजे उजळ-गडदपणाच्या पायऱ्या, तीनच: कागदाचा पांढरा, मधला, गडद. एका चौकटीला दोन मिनिटं. डोळा, नखं, वल्ह्याची दोरी असलं काही नको. इथे तपशिलात शिरलात की मांडणी बदलायचा धीर होत नाही, हा नेहमीचा अपघात. आणखी एक काळजी घ्या: दोन पानांच्या मधे शिलाई येते. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना एक-एक सेंटीमीटर चेहरा किंवा हात येऊ देऊ नका, आणि बाहेरच्या कडांना छपाईच्या कापणीसाठी ३ मिलिमीटर रंग जास्त न्या.

काहीच सुचत नसेल तेव्हा डाग टाका. ओल्या कागदावर बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) आणि थोडा निळा सोडा, कागद तिरपा करा, वाळू द्या. मग चारही बाजूंनी फिरवून बघा. लिओनार्दोने आपल्या वह्यांत चित्रकारांना भिंतीवरच्या डागांत डोंगर, लढाया आणि चेहरे शोधायला सांगितलंय. आतून चित्र येत नसलेल्यांना डाग फार उपयोगी पडतात, कारण समोर काहीतरी असलं की तुमची नजर लगेच कामाला लागते. पुराच्या पाण्यासाठी तर हे हमखास चालतं.

हत्तीची माहिती करून घ्या. आपला आशियाई हत्ती आफ्रिकन हत्तीपेक्षा वेगळा. डोक्यावर दोन उंचवटे, तोच शरीराचा सर्वांत उंच भाग. पाठ कमानीसारखी वर आलेली. कान लहान. सोंडेच्या टोकाला एकच बोट, आफ्रिकन हत्तीला दोन असतात. पुढच्या पायाला सहसा पाच नखं, मागच्याला चार. खांद्यापर्यंतची उंची पुढच्या पायाच्या तळव्याच्या घेराच्या साधारण दुप्पट, हे प्रमाण लक्षात ठेवा. पाय बारीक काढून फसलेले हत्ती त्याने वाचतात. पिल्लाचं डोकं धडाच्या मानाने मोठं, सोंड आखूड, डोक्यावर आणि पाठीवर विरळ राठ केस.

सर्वांत जास्त चुका मागच्या पायात होतात. हत्तीचा मागचा गुडघा आपल्यासारखा पुढे वाकतो आणि घोटा जमिनीजवळ असतो. गाय किंवा कुत्र्याचा पाय डोक्यात ठेवून मधेच मागे वाकणारा सांधा दाखवला की तो हत्ती राहत नाही. बसताना हत्ती मागचे गुडघे टेकतो आणि पावलं मागे जातात. तुमचं पिल्लू होडीत बसलेलं आहे, म्हणजे ही बैठक तुम्हाला बारा वेळा लागणार. माणसासारखं पाय पुढे पसरून बसवायचं असेल तरी हरकत नाही, गोष्टीतला हत्ती आहे. पण ठरवून बसवा, चुकून नको.

आता हत्ती घडवा. हाच भाग तुमच्यासाठी सगळ्यांत मोलाचा. १० ते १२ सेंटीमीटर उंचीचं पिल्लू मातीचं करा. शाडू सहज मिळेल, पण ती वाळताना आकसते आणि आत तार घातली तर तारेभोवती तडकते. त्यामुळे शाडू वापरलीत तर तार नको, पाय जाड ठेवा, काम थांबवताना ओलं फडकं गुंडाळा. रोज हात बदलायचा असेल तर न वाळणारी तेलमिश्रित माती घ्या, मुलांची प्लॅस्टिसिन चालते. तिच्यात तार घालता येते, सोंड आणि पाय हवे तसे वळवता येतात. होडी पुठ्ठ्याची करा, पिल्लू तिच्यात बसेल अशा मापाची. मातीकाम सुबक नको, सांधे बरोबर हवेत.

टेबलावर राखी कागद पसरा, खोलीतले इतर दिवे बंद करा आणि एकच दिवा वरून तिरपा, साधारण ४५ अंशांत ठेवा. दोन दिवे ठेवलेत तर दोन सावल्या पडतील आणि घडण मरेल. मूर्ती फिरवत आठ बाजूंनी रेखाटा, प्रत्येकी पाच मिनिटं. मग डोळा टेबलाच्या पातळीला आणून पुन्हा, कारण पाण्याच्या पातळीवरून दिसणारी चित्रं त्यातून निघतील. फोनने फोटो काढताना जवळ जाऊ नका. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत सोंड राक्षसी होते आणि मागचा भाग आकसतो. दीड-दोन मीटर मागे सरा आणि झूम करा.

यातून एक मूळ तक्ता तयार करा: पिल्लू समोरून, पाऊण बाजूने, बाजूने, मागून, सगळे एकाच मापात, शेजारी होडी आणि माणूस. हा तक्ता टेबलासमोर भिंतीवर लावा. आतून दिसत नसलेल्या चित्रकाराचं पात्र तिसऱ्या-चौथ्या चित्रापासून हळूहळू बदलत जातं, कान वाढतात, डोळा सरकतो, आणि ते सगळी चित्रं एकत्र ठेवल्यावरच कळतं. तक्त्यावरच रंगाची कृतीही लिहा. पिल्लाचा राखी रंग अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना यांतून करा, तयार काळा वापरू नका, तो जलरंगात मळकट बसतो. उजेडाच्या बाजूला सिएना जास्त, सावलीत निळा जास्त. दोन्हींचे ठिपके त्याच कागदावर लावून शेजारी प्रमाण लिहून ठेवा. वाळल्यावर रंग उतरतो, म्हणून ओला ठिपका बघून ठरवू नका.

पक्कं चित्र ३०० जीएसएमच्या (जाड) कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत) कागदावर, छपाईच्या मापाच्या सव्वापट. त्याआधी त्याच कागदाच्या तुकड्यावर १५ × १० सेंटीमीटरचा रंगीत रफ एकदा होऊ द्या. घाटावर तुम्ही थेट सुरू करता ते चालतं, कारण समोर सगळं मांडून ठेवलेलं असतं. इथे तसं नाही, आणि जलरंगात घालवलेला पांढरा परत येत नाही. कुठे कोरा कागद राखायचा ते रफवर ठरलं पाहिजे. रेखाटन ट्रेसिंग करून किंवा खिडकीच्या काचेवर धरून उतरवा, चांगल्या कागदावर खोडरबर घासू नका. पृष्ठभाग उखडतो आणि वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, तिथे डागाळतो.

नक्कल म्हणतात त्याबद्दल. दुसऱ्याच्या फोटोवरून जसंच्या तसं चित्र काढून छापायला दिलं तर ती नक्कल आहेच, आणि कॉपीराइटचा प्रश्नही येतो. पण स्वतः घडवलेली मूर्ती, स्वतः काढलेला फोटो, स्वतः घाटावर केलेलं रेखाटन, हा तुमचा कच्चा माल आहे. तीन वेगळ्या फोटोंतून एक चित्र जुळवताना दोनच गोष्टी तपासा: तिन्हींतला उजेड एकाच बाजूचा आहे का, आणि बघणाऱ्याची उंची एकच आहे का. यातलं एक जरी चुकलं तरी होडी पाण्यावर तरंगत नाही, कापून चिकटवल्यासारखी दिसते.

स्मरणाचा सराव करायचाच असेल तर शब्दांनी करा. व्हिस्लर या चित्रकाराने १८७० च्या दशकात लंडनच्या थेम्स नदीची रात्रीची चित्रं केली. अंधारात रंगवणं शक्य नव्हतं. तो दृश्य नीट बघायचा, मग पाठ फिरवून सोबत्याला तोंडी सांगायचा: आकाश पाण्यापेक्षा उजळ, घरं सगळ्यांत गडद. चुकलं की सोबती सांगायचा, पुन्हा वळून बघायचं, पुन्हा पाठ फिरवून सांगायचं. सगळं बरोबर आलं की घरी जाऊन दुसऱ्या दिवशी रंगवायचं. ही पद्धत पॅरिसच्या लकॉक द ब्वाबोद्रां या शिक्षकाच्या स्मरणचित्रणाच्या शिकवणीशी नातं सांगते. शिल्पकार रोदँ त्याच शिक्षकाचा विद्यार्थी.

तुम्ही रविवारी असंच करा. पाच मिनिटं बघा, पाठ फिरवा, फोनच्या रेकॉर्डरवर सांगा. आधी टोनचा क्रम, सर्वांत गडद ते सर्वांत उजळ. मग मापं, 'पुलाची कमान अमुक, तिच्यापुढे होडी तिच्या एक तृतीयांश'. मग कडा, कुठली धारदार, कुठली विरलेली. वळून ताडून बघा, चुका दुरुस्त करा, घरी जाऊन फक्त ते रेकॉर्डिंग ऐकत रंगवा. सुरुवातीला मापं बरोबर येतील आणि कडा विसरल्या जातील. बहुतेकांचं तसंच होतं, कारण कडांकडे बघायची सवयच नसते. आठवड्यातून एकदा पुरे.

वेळेचं गणित असं बसवा: पहिला आठवडा लेखन, माती आणि तक्ता. दुसरा आठवडा बाराही चित्रांच्या चौकटी. त्या प्रकाशकांना दाखवा आणि मान्यता लेखी घ्या, त्याशिवाय पुढे जाऊ नका. तिसऱ्यात रंगीत रफ. चौथ्यापासून सातव्यापर्यंत आठवड्याला तीन पक्की चित्रं. आठवा आठवडा दुरुस्त्यांसाठी मोकळा ठेवा, तो लागतोच. पक्क्या चित्रांची सुरुवात गोष्टीतल्या पहिल्या चित्रापासून करू नका. पाचव्या-सहाव्यापासून करा, कारण हात बसेपर्यंतची दोन-तीन चित्रं जरा अवघडलेली होतात आणि ती पुस्तकाच्या तोंडाशी नकोत.

प्रकाशकांना तुमच्या डोळ्यांबद्दल काही सांगायची गरज नाही. एवढंच सांगा की तुम्ही आधी सगळ्या चौकटी दाखवता आणि नंतरच रंगवता. 'पहिलं चित्र रंगवून पाठवा, मग बघू' असं ते म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणा, आणि त्याऐवजी तक्ता पाठवा.